तुरचीला जाण्याआधी

तुरचीच्या पोलीस प्रशिक्षण केंद्रात बदली झाली म्हणून तोंड पाडून बसू नकोस, गो. तुझ्या आईने फोनवर सगळं सांगितलं. खात्यात ही नेमणूक म्हणजे कोपऱ्यात बसवणं असं मानतात, ते मला नवीन नाही. साहेबांची मर्जी गेली की पाठवा त्याला शिकवायला, असं मी अख्खी नोकरी ऐकत आलो. पण मी स्वतः मधली वर्षं निदेशक म्हणून काढली, आणि निवृत्त होऊन सावर्ड्याला परतल्यावर जे फोन येतात ते त्याच वर्षांतल्या पोरांचे येतात. फौजदार असताना मी ज्यांच्यावर रुबाब केला त्यांतला कुणी फोन करत नाही. तेव्हा कुंभार्ली घाट चढून तासगावकडे निघण्याआधी मामाच्या चार गोष्टी ऐकून जा. क्रम लावत बसलेलो नाही, आठवलं तसं लिहितोय.

हे कामही काही कालचं नाही. 1906 साली पुण्याच्या भांबुर्ड्याला पोलिसांची शाळा निघाली, 1909 साली ती नाशिकला गेली. आजची महाराष्ट्र पोलीस अकादमी ती हीच. पुढे 1971 साली केंद्र सरकारने पोलीस प्रशिक्षणावर समिती नेमली, तिचे अध्यक्ष होते टाटा समाजविज्ञान संस्थेचे प्रा. एम. एस. गोरे. पोलीस नव्हेत, समाजशास्त्रज्ञ! 1973 च्या त्यांच्या अहवालाचा रोख असा की कवायत आणि कलमं घोकून घेतल्याने पोलीस तयार होत नाही, त्याच्या वृत्तीकडे आणि माणसांशी वागण्याकडे बघा. पन्नास वर्षं उलटली तरी बाह्यवर्गाच्या मैदानावर सूर्य उगवतो तो शिवीनेच. म्हणून पहिली गोष्ट तीच सांगतो.

पोरांना शिवी देऊ नकोस. हे मी सोवळेपणाने सांगत नाही. नवप्रविष्ट शिपाई नऊ महिन्यांत कलमं अर्धी विसरतो, पण आपल्याशी कोण कसं बोललं ते विसरत नाही. पुढे ठाण्यात टेबलामागे बसला आणि समोर फिर्यादी गोंधळून बोलू लागला, की उस्तादाचाच आवाज त्याच्या तोंडून निघतो. कडक राहा, रगडा द्यायचा तिथे दे, पण नाव घेऊन बोल. पहिल्या आठवड्यात तुकडीतली सगळी नावं पाठ कर, गावासकट. ‘ए चष्मा’, ‘ए काळ्या’ अशी हाक मारणारे निदेशक तुला तिथे भेटतील. त्यांच्याशी वाद घालू नकोस, तू तसं बोलू नकोस म्हणजे झालं.

दौडीआधी ‘कुणाला बरं नाही का’ असं विचारून उपयोग नाही, कुणी हात वर करत नाही. चेहरे बघ, बुटातले पाय बघ. रात्री जुलाब झालेला पोरगा सकाळी उन्हात पळतो आणि कोसळतो. त्याला मागे ठेवण्याचा निर्णय तू घ्यायचा, त्याच्यावर सोडायचा नाही. फायरिंगच्या दिवशी मात्र दयामाया नको. मॅगझीन काढ, चेंबर बघ, पुन्हा बघ, मग हत्यार खाली. जो दुसऱ्यांदा चेंबर बघत नाही तो त्या दिवशी गोळी झाडणार नाही, मग तो कुणाच्याही वशिल्याचा असो.

आता तुझा खरा प्रांत, आंतरवर्ग. कायदा पहिल्या कलमापासून शिकवायला घेऊ नकोस. उलटीकडून ये, म्हणजे साक्षीच्या पिंजऱ्यापासून. पहिल्याच पंधरवड्यात एका निवृत्त सरकारी वकिलाला बोलाव, एका पोराला तपास अंमलदार कर, त्याच्या हातात त्यानेच लिहिलेला पंचनामा दे आणि वकिलाला म्हण, फाडा. पंच कुठे उभे होते? पंचनामा सुरू किती वाजता केलात? मग त्याच वेळी ठाणे दैनंदिनीत तुम्ही बंदोबस्तावर कसे? लाकूड किती लांबीचं, मोजलं की अंदाजाने लिहिलं? दहा मिनिटांत पोरगा घामाघूम होतो. त्यानंतर तो पंचनामा शिकायला स्वतःहून बसतो. ही तालीम घेतलेल्या आणि न घेतलेल्या तुकडीतला फरक मी डोळ्यांनी पाहिला आहे.

पंचनाम्याचा सराव वर्गात होत नाही. पोरांना मेसच्या मागे ने, एक खिडकी उघडी ठेव, दोन भांडी इकडची तिकडे कर आणि लिहायला सांग. निम्मे लिहितील ‘डाव्या बाजूला’. डावी कुणाची? पूर्व-पश्चिम लिहायची सवय लाव, चतुःसीमा लिहायला लाव. पावसाळ्यात आपल्याकडे सूर्य आठवडाभर दिसत नाही, तेव्हा दिशा गावकऱ्याला विचारायची आणि मोबाइलमधल्या होकायंत्राने ताडून बघायची. आणि जिथला पंचनामा तिथले शब्द. कोकणात पडवी, ओटी, माजघर, परसू, गडगा, खळं हे सगळं वेगवेगळं असतं. विदर्भातला पोरगा इथे आला तर गडग्याला ‘कंपाउंड’ लिहील, आणि कोर्टात पंच म्हणेल, आमच्याकडे कंपाउंडच नाही. तुझ्याकडे राज्यभरातली पोरं असतात. प्रत्येकाकडून त्याच्या घराचा पंचनामा त्याच्या बोलीतल्या शब्दांसकट लिहून घे आणि वाचून दाखवायला लाव. दुसऱ्याच्या मुलखातलं घर त्यांना तिथेच समजतं.

नव्या कायद्यांचं म्हणशील तर तिथे उस्ताद आणि शिपाई एकाच बाकावर आहेत. 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहिता, नागरिक सुरक्षा संहिता आणि साक्ष्य अधिनियम आले. आम्ही खुनाला ‘तीनशे दोन’ म्हणत म्हातारे झालो, आता ते 103. फिर्याद 154 खाली घ्यायचो, ती आता 173 खाली. जुने-नवे आकडे शेजारी शेजारी लिहून दे, कारण जुने खटले अजून वर्षानुवर्षं चालायचे आहेत. पण आकड्यांपेक्षा बदललेली कामाची रीत शिकव. झडती-जप्तीचं चित्रीकरण सुरक्षा संहितेच्या कलम 105 ने बंधनकारक केलंय, आणि ते विनाविलंब दंडाधिकाऱ्याकडे पाठवायचं असतं. म्हणजे कॅमेऱ्यामागे बोललेलंही पाठवायचं! पोरांना एकदा खोटी झडती घ्यायला लाव आणि तेच चित्रीकरण वर्गात आवाजासह लाव. कुणी हसतंय, कुणी मागून ‘आटप लवकर’ म्हणतंय, पंचांचा पत्ता नाही. व्याख्यानाची गरज उरत नाही. सात वर्षं किंवा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यात न्यायवैद्यक तज्ज्ञ घटनास्थळी येणार, तेव्हा तो येईपर्यंत जागा राखणं हे शिपायाचं काम. दोरी बांध आणि पुढाऱ्यालाही आत सोडू नकोस, हे त्याला आधी शिकव.

फिर्याद घ्यायला शिकवताना नाटक कर. तू स्वतः म्हातारी हो. समज, तुझ्या राईतली खैराची झाडं रातोरात कुणी तोडली. आपल्या सावर्ड्याच्या बाजूला काताचे कारखाने, त्यामुळे खैराची किंमत इथल्या पोरासोराला कळते, पण नाशिक-नांदेडच्या शिपायाला ते झाड म्हणजे काटेरी झुडूप. तू पुतण्यापासून सुरू कर, मग नवऱ्याच्या आजारावर ये, मग झाडांवर. बघ कोण तोडून बोलतो. नियम एकच लाव, पहिल्यांदा पूर्ण ऐकायचं, पेन खाली. दुसऱ्यांदा सांगेल तेव्हा लिहायचं, आणि तिच्या शब्दांत. ‘सदर इसमाने संगनमताने’ हे त्या म्हातारीच्या तोंडचं नव्हे, आणि उलटतपासणीत तिला त्याचा अर्थ विचारला की फिर्याद तिथेच लंगडते. दखलपात्र गुन्हा दिसला तर गुन्हा नोंदवायचाच, हे ललिता कुमारी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 2013 साली सांगून झालंय. ‘आमच्या हद्दीत नाही’ हेही उत्तर आता नाही, शून्य क्रमांकाने नोंदवायचा आणि हद्दीत पाठवायचा. बाई, पंधराच्या आतला मुलगा, साठीच्या वरचा माणूस यांना जबाबासाठी ठाण्यात हेलपाटे घालायला लावायचे नाहीत, त्यांच्या घरी जायचं. सुरक्षा संहितेचं कलम 179. हे पाठ नको, अंगात मुरू दे.

रात्री रोल कॉल झाल्यावर एखादा धीट पोरगा विचारेल, ‘मॅडम, न मारता आरोपी कबूल कसा होणार?’ हा प्रश्न दर तुकडीत येतो. रागावू नकोस, तेव्हाच शिकव. पोलिसाजवळ दिलेली कबुली कोर्टात पुरावा नाही. जुन्या पुरावा कायद्याचं कलम 25 होतं, आता साक्ष्य अधिनियमाचं 23. मग मारून मिळवलंस काय? त्याने दाखवून दिलेली वस्तू मिळाली तर तेवढाच भाग उपयोगाचा, आणि वस्तू शोधायला डोकं लागतं. डी. के. बसू खटल्याचे 1996 चे अटकेचे नियम भिंतीवर असतात, ते वाचून घे. ठाण्यात सीसीटीव्ही असलेच पाहिजेत हा आदेशही 2020 चा. आणि धैर्याचा धडा द्यायचा तर तुकाराम ओंबळे सांग. जावळी तालुक्यातल्या केडंब्याचे सहायक फौजदार, म्हणजे आपल्या सह्याद्रीच्या पलीकडच्या उताराचे. 26 नोव्हेंबर 2008 च्या, मुंबईवरच्या हल्ल्याच्या रात्री गिरगाव चौपाटीवर हातात लाठी, समोर एके-47, आणि त्यांनी बंदुकीची नळी धरून ठेवली म्हणून हल्लेखोर कसाब जिवंत सापडला. जिवंत सापडला म्हणून खटला उभा राहिला. पोरं शौर्य ऐकतात, तू त्यांना हे दुसरं वाक्यही ऐकव.

अपघात. महामार्गाला लागून राहणाऱ्या आपल्यासारख्यांना हे वेगळं सांगायला नको, पण तुकडीला सांग. घटनास्थळी पोचलेल्या दोघांपैकी एकाने आधी वळणावर जाऊन गाड्या थांबवायच्या, कारण दुसरा अपघात मदत करणाऱ्यांवरच होतो. मग जखमी, मग खुणा, मग कागद. चाकांच्या जागा खडूने आखायच्या, आणि पाऊस असेल तर दगड मांडून फोटो काढायचे, खडू पाच मिनिटं टिकत नाही. अंतर मोजायचं ते मोरी, पूल, विजेच्या खांबाचा क्रमांक अशा हलणार नाही त्या वस्तूपासून. चौपदरीकरणात रस्त्याची रयाच पालटली, आणि जुन्या कागदांत हाच 66 क्रमांकाचा रस्ता 17 म्हणून भेटतो, हेही ध्यानात असू दे. गॅसचा टँकर उलटला असेल, आणि हातखंबा-अंजणारीच्या बाजूला तो उलटतो, तर वाऱ्याच्या पाठीकडून जायचं, दुचाकी लांब बंद करायची आणि बघ्यांना आधी हाकलायचं. तिथे शौर्याला काम नाही.

मरणाची बातमी कशी द्यायची, हे कुठल्याच पुस्तकात नीट नाही आणि कुणी शिकवत नाही. तू शिकव. 2 जुलै 2019 च्या रात्री आपल्या तालुक्यातलं तिवरे धरण फुटलं, 22 जुलै 2021 ला चिपळूण पाण्याखाली गेलं. अशा वेळी विशीतला शिपाई कुणाच्या तरी दारात उभा असतो. त्याला सांग, फोनवर शक्यतो नाही, दारात जायचं. नावाची आणि नात्याची खात्री करून घ्यायची, घरातल्यांना बसवायचं, टोपी काढायची आणि स्पष्ट सांगायचं, ‘ते वारले.’ ‘सीरियस आहेत, चला’ असं म्हणून जीपमध्ये बसवू नये, वाटभर आशा लावून ठेवण्याइतकं क्रूर काही नाही. मग गप्प राहायचं. शेजारच्या एका माणसाला बोलावून ठेवायचं, आणि शवविच्छेदन कुठे, ताबा कधी, कुठला कागद लागेल हे चिठ्ठीवर लिहून द्यायचं, कारण त्या घटकेला ऐकलेलं डोक्यात राहत नाही. पुरात सापडलेला देह असेल तर हलवण्याआधी गोंदण, अंगठी, कपड्याचा रंग, शिंप्याची खूण लिहून काढायची. कुणाच्या तरी घरची ओळख त्या चार ओळींवर पटते.

बंदोबस्ताचं थोडक्यात. शिमग्याला पालखीच्या मानावरून होणारे तंटे लाठीने मिटत नाहीत, ते पंधरा दिवस आधी गावकर, मानकरी आणि पोलीस पाटलाबरोबर बसून मिटतात. तुझ्या पोरांना आपापल्या गावाचा नकाशा काढायला लाव, वाड्या, पाणवठे, देवळं आणि कुणाचं कुणाशी पटत नाही यासकट. बीट म्हणजे काय ते तेव्हा कळतं.

तुझ्याबद्दल एकच सांगणं. शिकवणाऱ्याचा अनुभव शिळा होतो. वर्षातून काही दिवस सुट्टी मोडून जवळच्या ठाण्यात जा, रात्रपाळीच्या ठाणे अंमलदाराशेजारी बस, आजकाल लोक कसल्या तक्रारी घेऊन येतात ते बघ. आमच्या वेळी पाकीटमारी यायची, आता पेन्शनरांचे पैसे फोनवरून जातात. स्वतःच्या पराक्रमाच्या कथा तासाला एकापेक्षा जास्त सांगू नकोस, पोरं घड्याळ बघतात.

आणि बाहेरच्या माणसांना वर्गात आण. तुरचीजवळ राहणारे निवृत्त मुद्देमाल कारकून, शवागारात वर्षं काढलेला हवालदार, कोर्टात पैरवी अंमलदार म्हणून उभा राहिलेला सहायक फौजदार, यांना कुणी बोलावत नाही. प्राचार्यांची परवानगी काढ, येण्याजाण्याचं भाडं आधी मंजूर करून घे, वेळेवर दे आणि त्यांच्यासमोर वही उघडून तू स्वतः पहिल्या बाकावर बस.