आठवणींचे लेखन

आपल्या घरातील एखाद्या वृद्ध व्यक्तीस, “आपण आपल्या आठवणी का लिहीत नाही?” असे विचारून पाहावे. बहुधा उत्तर मिळते, “आमच्या आयुष्यात लिहिण्याजोगे असे काय घडले आहे?” हे उत्तर विनयाचे असले, तरी ते बरोबर नाही. राजे आणि सेनापती यांची चरित्रे लिहिणारे पुष्कळ असतात. परंतु दुष्काळाच्या वर्षी घरची चूल कशी पेटली, पहिल्यांदा शाळेस निघालेल्या मुलास आईने शिदोरीत काय बांधून दिले, गावात वीज आली त्या रात्री लोक किती वेळ जागे राहिले, हे ज्याने पाहिले त्यानेच सांगावयाचे असते. त्याने ते सांगितले नाही, तर ते त्याच्याबरोबरच नाहीसे होते.

मराठी भाषेत आठवणींच्या लेखनाची संपन्न परंपरा आहे. हे लेखन करणारे सर्वच जण विद्वान किंवा सत्ताधीश नव्हते. अशा काही लेखकांची ओळख करून घेतली, म्हणजे आठवणी कशा लिहाव्यात आणि त्या लोकांपुढे कशा येतात, हे आपोआप ध्यानात येईल.

पेणजवळच्या वरसई गावचे विष्णुभट गोडसे हे एक गरीब भिक्षुक होते. घरावर कर्ज होते. उत्तर हिंदुस्थानात बायजाबाई शिंदे मोठा यज्ञ करणार असून तेथे चांगली दक्षिणा मिळेल, असे त्यांच्या कानी आले. १८५७ साली ते आपल्या चुलत्यांसह घराबाहेर पडले आणि वाटेतच सत्तावनच्या उठावाचा वणवा पेटला. १८५८ साली इंग्रजी फौजेने झाशीस वेढा घातला, तेव्हा हे भटजी झाशीतच होते. लूट, जाळपोळ आणि माणसांची दैना त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली. मिळविलेले द्रव्यही लुटारूंच्या हाती गेले. आई-वडिलांना स्नान घालण्यासाठी गंगेचे पाणी मात्र त्यांनी कावडीतून घरी आणले.

या प्रवासाची हकिकत त्यांनी अदमासे पंचवीस वर्षांनी लिहिली. तिच्यात एक प्रसंग असा आहे : झाशी पडल्यानंतर वाटेवरच्या एका विहिरीपाशी राणी लक्ष्मीबाई त्यांना भेटल्या. राणी तहानलेल्या होत्या. भटजी पाणी काढून देऊ लागले, तेव्हा विद्वान ब्राह्मणाने आपल्यासाठी ते कष्ट करू नयेत, असे म्हणून राणींनी स्वतःच पाणी ओढले आणि ओंजळीने ते प्यायल्या. राज्य गेलेले, पाठीवर शत्रू, आणि तरीही दुसऱ्याचा मान राखण्याचे भान सुटलेले नाही! राणींच्या थोरवीवर दहा पाने लिहूनही जे साधले नसते, ते एका ओंजळभर पाण्याने साधले आहे. आठवणी लिहिणाराचा पहिला धडा हाच होय. जे पाहिले ते नेमके सांगावे. विशेषणांची गर्दी करू नये.

दुसरा धडा निवडीचा आहे. आयुष्यात दिवस असंख्य असतात; पुस्तकाची पाने मोजकी असतात. तेव्हा कोणते प्रसंग घ्यावेत आणि कोणते सोडावेत? रमाबाई रानडे यांचे ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ हे पुस्तक १९१० साली प्रसिद्ध झाले. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांच्याशी विवाह झाला, तेव्हा रमाबाई लहान होत्या व त्यांना अक्षरओळखही नव्हती. पतीनेच त्यांना शिकविले. पुढे न्यायमूर्ती सरकारी कामानिमित्त कलकत्त्यास राहत असताना बंगाली शिकू लागले. दाढी करावयास येणाऱ्या न्हाव्याला ते अडलेले शब्द विचारीत. ही साधी गोष्ट रमाबाईंनी आवर्जून नोंदविली आहे. त्यांनी नुसते “माझे पती ज्ञानाचे भुकेले होते” असे लिहिले असते, तर वाचकाने ते वाक्य वाचून पान उलटले असते. दाढीचा साबण लागलेले न्यायमूर्ती न्हाव्याकडून धडा घेत आहेत, हे चित्र मात्र तो विसरत नाही. ज्या प्रसंगातून मनुष्याचा स्वभाव दिसतो, तो प्रसंग कितीही लहान असला तरी घ्यावा. ज्यातून काहीच दिसत नाही, तो कितीही थाटाचा असला तरी सोडावा.

तिसरा धडा लक्ष्मीबाई टिळक यांच्या ‘स्मृतिचित्रे’ या पुस्तकात मिळतो. लक्ष्मीबाई या कवी नारायण वामन टिळक यांच्या पत्नी. शाळेत जाऊन शिकण्याची संधी त्यांना कधी मिळाली नाही. टिळकांच्या निधनानंतर मुलाच्या आग्रहावरून त्यांनी आठवणी लिहिण्यास आरंभ केला आणि १९३४ पासून त्या चार भागांत पुस्तकरूपाने बाहेर आल्या. त्यांच्या वडिलांचे सोवळे इतके कडक होते की, घरात मीठसुद्धा धुऊन घेतले जाई. या विक्षिप्तपणाचा घरातील सर्वांना जाच होता. तरीही लक्ष्मीबाई हे सांगताना वडिलांवर आग पाखडीत नाहीत. त्या हसतात आणि वाचकालाही हसवितात. आणि हसता हसता त्या घरातील बायकामुलांचे कष्ट वाचकाच्या मनाला भिडतात. पतीशी झालेली भांडणे, त्यांनी धर्मांतर केल्यावर सोसावा लागलेला वियोग, स्वतःचे अज्ञान आणि फजिती, यांतील काहीच त्यांनी झाकून ठेवले नाही. जो लेखक स्वतःला हसू शकतो, त्याच्या बोलण्यावर वाचक विश्वास ठेवतो. ज्या आठवणींत लेखक प्रत्येक वेळी शहाणा आणि इतर सर्व जण मूर्ख ठरतात, त्या आठवणी खोट्या आहेत असे खुशाल समजावे.

येथे एक अवघड प्रश्न उभा राहतो. आपली आठवण ही केवळ आपली नसते. तिच्यात आई असते, भाऊ असतो, शेजारी असतो. खरे सांगावयाचे म्हटले, तर त्यांच्याही उणिवा उघड होतात. मग सत्य सांगावे, की माणसांची मने राखावीत?

१९७८ साली दया पवार यांचे ‘बलुतं’ हे आत्मकथन प्रसिद्ध झाले. महारवाड्यातील दारिद्र्य, अपमान आणि उपासमार त्यांनी आडपडदा न ठेवता मांडली. पुस्तकात दगडू मारुती पवार नावाचा मनुष्य आपली कहाणी सांगतो आणि शिकलेला दया पवार ती ऐकतो. वास्तविक हे दोघे एकच. पूर्वीचे आयुष्य विसरू पाहणारा मनुष्य आणि ते विसरू न शकणारा मनुष्य, असे दोघे एकाच देहात नांदत होते. म्हणून लेखकाने ही रचना योजिली. पुस्तकाचा मोठा गौरव झाला. पण आपल्याच समाजातील काही लोकांना ते रुचले नाही. मागे टाकलेल्या दैन्याचे असे प्रदर्शन कशासाठी, असे त्यांना वाटले. त्यांचे दुःखही खोटे नव्हते. तथापि ते दैन्य लिहिलेच गेले नसते, तर ज्यांनी ते लादले त्यांना त्याची लाज कधी वाटली असती काय? दोन वर्षांनी, १९८० साली, लक्ष्मण माने यांचे ‘उपरा’ आले आणि भटक्या कैकाडी समाजातील एका मुलाची शिक्षणासाठी झालेली परवड प्रथमच घरोघर वाचली गेली.

यावरून एक विवेक शिकता येतो. स्वतःचे दोष सांगण्यास लेखक पूर्ण मोकळा आहे. अन्याय सांगणे हे तर त्याचे कर्तव्यच आहे. परंतु दुसऱ्याने विश्वासाने सांगितलेले गुपित केवळ कथा रंगावी म्हणून फोडणे, हे सत्यकथन नव्हे. लिहिताना स्वतःस विचारावे : हे मी कशासाठी सांगत आहे? समजावे म्हणून, की सूड उगवावा म्हणून? उत्तर प्रामाणिक असेल, तर लेखणी सहसा वाट चुकत नाही.

लिहिणे जितके कठीण, तितकेच ते लिखाण लोकांपर्यंत पोहोचणेही कठीण असते. फलटणच्या बेबी कांबळे या एक लहानसे दुकान चालवीत. सामान बांधण्यासाठी आणलेली रद्दीची वर्तमानपत्रे त्या वाचून काढीत. गिऱ्हाईक नसेल त्या वेळात त्या वहीत आपल्या समाजाची हकिकत लिहीत आणि घरच्या माणसांना कळू नये म्हणून वह्या दडवून ठेवीत. अशी कित्येक वर्षे गेली. पुढे फलटण येथे राहणाऱ्या अभ्यासक मॅक्सीन बर्नसन यांना त्या लेखनाचा पत्ता लागला. त्यांच्या प्रोत्साहनाने ते १९८२ साली ‘स्त्री’ मासिकात क्रमशः छापले गेले आणि १९८६ साली ‘जिणं आमुचं’ या नावाने त्याचे पुस्तक झाले. त्या वह्या अडगळीतच राहिल्या असत्या, तर एका संपूर्ण समाजातील स्त्रियांचा इतिहास वाळवीच्या मुखी गेला असता. लेखकास जसे धैर्य लागते, तशी ते लेखन ओळखणारी दृष्टीही कोणाजवळ तरी असावी लागते.

विष्णुभटांच्या हस्तलिखिताचीही कथा अशीच आहे. चिंतामण विनायक वैद्य यांच्या आग्रहावरून ते १८८३ च्या सुमारास मोडी लिपीत लिहिले गेले. परंतु परकी सत्तेच्या काळात १८५७ ची अशी हकिकत छापणे धोक्याचे होते. वैद्यांनी ते ‘माझा प्रवास’ या नावाने १९०७ साली प्रसिद्ध केले. त्या वेळी त्यांनी भाषेत आणि मांडणीत बरेच फेरफार केले. सुदैवाने मूळ हस्तलिखित जपून ठेवलेले होते. त्यावरून दत्तो वामन पोतदार यांनी १९६६ साली मूळ बखर जशीच्या तशी छापली, तेव्हा कोठे वाचकांना भटजींचा खरा आवाज ऐकू आला. संपादकाने चुका दुरुस्त कराव्यात, पुनरुक्ती गाळावी. पण लेखकाचा आवाज बदलू नये. आणि लेखकानेही आपला पहिला खर्डा कधी फाडून टाकू नये.

आठवणींचेच एक धाकटे भावंड म्हणजे लघुनिबंध. ना. सी. फडके, वि. स. खांडेकर, अनंत काणेकर इत्यादी लेखकांनी तो मराठीत लोकप्रिय केला. आठवणींत काय घडले यास महत्त्व असते. लघुनिबंधात त्या घटनेने मनात कोणता विचार उमटला यास महत्त्व असते. इरावती कर्वे यांचा ‘परिपूर्ती’ हा लेख याचे उत्तम उदाहरण होय. सभांमधून त्यांची ओळख थोरामोठ्यांची सून आणि पत्नी अशी करून दिली जाई. परंतु त्या ओळखीत काहीतरी उणे राहिले आहे असे त्यांना वाटे. एके दिवशी रस्त्यावर शाळकरी मुलांनी आपल्या वर्गसोबत्याची आई म्हणून त्यांना ओळखले आणि ती उणीव भरून निघाली. प्रसंग क्षणभराचा आहे, पण त्यातून स्त्रीच्या जीवनाविषयीचा एक गहन विचार सहज उमलतो.

विद्यार्थी मित्रांनो, आता तुम्ही स्वतः लेखणी हाती घ्या. “माझा जन्म अमुक साली झाला” येथून आरंभ करण्याचे कारण नाही. डोळे मिटल्यावर जो प्रसंग प्रथम समोर उभा राहतो, तेथून सुरुवात करा. त्या वेळचा वास, आवाज, हवा, माणसांचे शब्द आठवा. बोलणे ज्या बोलीत झाले, त्याच बोलीत लिहा. साल किंवा नाव नीट आठवत नसेल, तर वडीलधाऱ्यांना विचारा. आठवण ही फसवी असते व दोन भावांना एकच प्रसंग दोन तऱ्हांनी आठवतो. लिहून झाल्यावर कागद आठ दिवस बाजूला ठेवा. नंतर तो मोठ्याने वाचा. जेथे जीभ अडखळेल, तेथे वाक्य दुरुस्त करा. जेथे स्वतःची बढाई ऐकू येईल, तेथे रेघ मारा. लेखनात ज्यांचा उल्लेख आहे, त्यांना ते वाचून दाखवा. मग शाळेच्या हस्तलिखित मासिकात ते द्या.

आणि घरातील वृद्ध व्यक्ती जेव्हा म्हणेल, “आमच्या आयुष्यात लिहिण्याजोगे काय आहे?” तेव्हा वही घेऊन तिच्याजवळ बसा. ती सांगेल आणि तुम्ही लिहाल. कदाचित तिची आठवण जगात टिकवून धरणारे तुम्ही एकटेच असाल.

अभ्यास

१. विहिरीच्या प्रसंगातून राणी लक्ष्मीबाईंचे कोणते गुण दिसतात?
२. ‘माझा प्रवास’ १९६६ साली पुन्हा का छापावा लागला? संपादकाचे काम कोणते व कोणते नव्हे, ते तुमच्या शब्दांत सांगा.
३. ‘बलुतं’ काही लोकांना का रुचले नाही? त्यांचे म्हणणे तुम्हांस पटते काय? कारणे द्या.
४. पुढील शब्दप्रयोगांचा वाक्यांत उपयोग करा : आग पाखडणे, आडपडदा न ठेवणे, भान सुटणे, वाळवीच्या मुखी जाणे.
५. आठवण आणि लघुनिबंध यांतील फरक उदाहरण देऊन स्पष्ट करा.
६. घरातील अथवा शेजारच्या एखाद्या वृद्ध व्यक्तीस तिच्या लहानपणीचा एक प्रसंग विचारा. तो तिच्याच बोलीत एका पानात लिहा व तिला वाचून दाखवा. तिने सुचविलेल्या दुरुस्त्या निराळ्या शाईने करा.