तुकड्या पाडताना

चि. मृणाल,


मुख्याध्यापिका म्हणून तुझा हा पहिलाच जून. दुसरीच्या तुकड्या नव्याने पाडायच्या आहेत आणि निकालाच्या दिवसापासूनच पालकांचे अर्ज येऊ लागलेत, असं तू कळवलंस. अमुक बाईंचाच वर्ग हवा, एका रिक्षातून येणारी दोघं एकाच वर्गात ठेवा, ‘क’ तुकडी नको. माझं मत स्पष्ट आहे: पालकांकडून मुलाची माहिती मिळेल तितकी घे, बाईंचं नाव मात्र कुणाकडूनच घेऊ नकोस.

अशी मागणी कोण करतं ते पाहा. भर दुपारी शाळेत येऊन बसायला ज्यांना सवड आहे, संस्थेत ज्यांची ओळख आहे, ते. चार घरची धुणीभांडी करणाऱ्या आईला असं काही मागता येतं हेच ठाऊक नसतं. त्यामुळे मान्य केलेली प्रत्येक मागणी न मागणाऱ्याच्या वाट्यातून जाते आणि दोन-तीन वर्षांत एक तुकडी मागणाऱ्यांची, दुसरी उरलेल्यांची होते. २५ टक्के राखीव जागांवर आलेल्या मुलांना वेगळं बसवायला शिक्षण हक्क कायद्याच्या (आरटीई) नियमांनी मनाई केली आहे. अर्जांच्या वाटेने नेमकं तेच घडतं, कुणी ठरवलेलं नसताना. मग ‘अ’ म्हणजे हुशार हा शिक्का बसतो, आणि शिक्के लहान मुलांना फार लागतात. रोझेन्थाल आणि जेकबसन या संशोधकांनी १९६८ साली कॅलिफोर्नियातल्या एका प्राथमिक शाळेतला प्रयोग प्रसिद्ध केला. सुमारे एक पंचमांश मुलं लवकरच चमकतील असं त्यांनी शिक्षकांना सांगितलं होतं. प्रत्यक्षात ती नावं कशीही उचललेली होती. वर्षअखेरीस पहिली-दुसरीतली ती मुलं इतरांच्या पुढे गेलेली दिसली. वरच्या वर्गांत तसा फरक जवळजवळ नव्हता आणि परिणाम नेमका किती मोठा यावर पुढे पुष्कळ वाद झाला, हेही लक्षात ठेव. तरी तुझ्या हाती आहेत ती पहिली-दुसरीचीच मुलं.

यावर पालक म्हणतील, बाईबाईंत फरक असतोच. असतो, आणि तो नाकारू नकोस. अमेरिकेतल्या टेनेसी राज्यात १९८५ पासून चार वर्षं ७९ शाळांमध्ये मुलं आणि शिक्षक वर्गांत निव्वळ यदृच्छेने वाटले होते. तो प्रयोग वर्गातली पटसंख्या कमी केल्याने काय होतं हे पाहण्यासाठी होता, पण एका वर्गाचं शिकणं दुसऱ्यापेक्षा वेगळं होतं हेही त्या आकड्यांत दिसलं. पण एखाद्या बाई कमी पडत असतील तर त्यांच्या वर्गात जाऊन बसणं, त्यांना मदत करणं हे तुझं काम आहे. गप्प बसणाऱ्या पालकांची मुलं त्यांच्याकडे लोटणं हा त्यावरचा उपाय नव्हे. आपल्या मुलाला आपण जास्त ओळखतो, असंही आई-वडील म्हणतील. अगदी खरं. म्हणून एक छोटा फॉर्म सगळ्यांच्या घरी पाठव: मूल कशाला घाबरतं, कुणाशी त्याचं अजिबात जमत नाही, ऐकू कमी येतं का, घरी कोणती भाषा बोलतात. ज्यांना लिहिता येत नाही त्यांना वर्गशिक्षिकेने विचारून भरावा. एकाने दुसऱ्याला वर्षभर छळलं असेल तर त्यांना वेगळं कर. अपंगत्व किंवा आजारपण असेल तर सोयीचा वर्ग दे. जुळ्यांच्या बाबतीत मात्र आई-वडिलांचं ऐक.

तुकड्या मागच्या वर्गशिक्षिकांनी एकत्र बसून पाडाव्यात. प्रत्येक मुलाचं एक कार्ड: वाचन कुठवर आलंय, जास्त लक्ष लागतं का, मुलगा की मुलगी. तिन्ही गठ्ठे सारखे होईपर्यंत कार्डं हलवायची, याद्यांवर सह्या करायच्या आणि त्यानंतरच कोणत्या बाईंकडे कोणती यादी याची चिठ्ठी काढायची. बाईंचं नाव शेवटी जोडलं की आधी वशिला लावायला जागाच उरत नाही.

ही पद्धत अर्ज येण्याआधीच पालकसभेत सांगायला हवी होती. यंदा निदान याद्या लावण्यापूर्वी सांग. आणि संस्थेच्या पदाधिकाऱ्याचा फोन आला किंवा तुझ्याच स्टाफमधल्या कुणी आपल्या मुलासाठी शब्द टाकला, तरी त्यांनाही तोच फॉर्म दे.

तुझी,
आत्या