तणमोर सोयाबीनमध्ये उतरला असेल, तर...

पावसाने जोर धरला, सोयाबीन गुडघ्याला लागलं, की अकोला-वाशीमकडच्या माळांलगत तणमोर दिसू लागतो. कोंबडीएवढा हा पक्षी माळढोकाच्या कुळातला, त्यात सर्वांत लहान, आणि आज अतिसंकटग्रस्त.

नर लगेच ओळखू येतो. काळाभोर अंग, पंखांवर पांढरा पट्टा, डोक्यामागे वळलेली लांब पिसं. गवतातून तो सरळ पुरुषभर उंच उडतो, पंखांचा खडखडाट करतो आणि जवळपास तिथेच उतरतो. जुलै ते सप्टेंबर हेच चालू. दिवसाला 500 उड्यासुद्धा होतात. संसारात त्याचा वाटा एवढाच! मातकट, ठिपक्यांची मादी जमिनीवरच्या नुसत्या खळग्यात 3-4 अंडी घालते आणि सुमारे 21 दिवस एकटीच उबवते. माणूस अगदी जवळ येईपर्यंत ती हलत नाही, म्हणूनच डवऱ्याच्या पासेखाली अंडी जाण्याचा धोका. शिवाय नर उडतो तिथेच घरटं असेल, असंही नाही.

तेव्हा डवरणी-फवारणीआधी धुऱ्यालगतच्या तासांतून एकाने सावकाश पुढे चालावं. मादी उठली तर तेवढा तुकडा काडी रोवून सोडून द्या. अंड्यांना हात नको, मोबाईलवर फोटो तर नकोच; तुडवलेल्या वाटेने कुत्री येतात. पक्षीथांबे अळीसाठी चांगले, पण इथे ते लांब लावा, नाहीतर कावळ्याला टेहळणीची आयती जागा मिळते. वन विभागाला 1926 वर कळवा.

नाकतोडे, भुंगेरे, अळ्या हेच याचं खाणं. म्हणून शेजाऱ्याने फवारलं म्हणून आपणही पंप उचलू नये. कामगंध सापळे पाहावेत, सुरुवातीला 5 टक्के निंबोळी अर्क वापरावा. कीड आर्थिक नुकसानीची पातळी ओलांडेल तेव्हाच रासायनिक औषध, तेही शिफारशीच्या मात्रेत.

धुऱ्यावरचं आणि ई-क्लास जमिनीवरचं गवत मात्र सप्टेंबर संपेपर्यंत राहू द्या. एवढ्या दिवसांत वैरणीचं फार काही अडत नाही, आणि तणनाशकाने धुरे पिवळे करण्याची घाई तशीही न परवडणारी. सोयाबीन काढताना, विशेषतः हार्वेस्टर लावलात तर, कडेने गोल गोल आत जाऊ नका. मधून सुरुवात करून कडेकडे या, म्हणजे उशिराच्या पिल्लांना धुऱ्याच्या गवतात पळायला वाट राहते.