एकच रस्ता, दोन नळ

१८५४ साली लंडनच्या दक्षिण उपनगरांत पटकीची साथ पसरली. दूषित हवेने रोग होतो, असा तेव्हाचा प्रबळ समज होता, डॉ. जॉन स्नो यांचा संशय मात्र पाण्यावर होता. तेथील अनेक रस्त्यांवर दोन कंपन्यांचे नळ शेजारी शेजारी होते. लॅम्बेथ कंपनी १८५२ पासून थेम्स नदीच्या वरच्या अंगाचे, शहराचा मैला न मिसळलेले पाणी घेत असे. साउथवर्क अँड व्हॉक्सहॉल कंपनी मात्र बॅटरसी येथील मैलामिश्रित पाणीच पुरवीत होती. हवा तीच, वस्ती तीच. भेद केवळ पाण्याचा.

स्नो व त्यांचे सहायक मृत्यू घडलेल्या घरोघरी गेले. पाणीपट्टी बहुधा घरमालक भरीत असल्याने पुष्कळ भाडेकऱ्यांना आपली कंपनी ठाऊक नसे. तेव्हा पाण्यातील मिठाच्या प्रमाणावरून ती ओळखली जाई. पहिल्या सात आठवड्यांत दर १०,००० घरांमागे बॅटरसीच्या पाण्यावर ३१५, तर लॅम्बेथच्या पाण्यावर ३७ मृत्यू झाल्याचे आढळले.

रोगजंतूचे ज्ञान सर्वमान्य होण्यापूर्वीच कारण हाती लागले. सर्व काही समान असताना भिन्न काय आहे, हे शोधणे म्हणजेच कारणाचा शोध घेणे होय. आपण काय पितो हे ज्यांना ठाऊकही नव्हते, त्यांचे प्राण या शोधावर अवलंबून होते.