अस्थिसौषिर्यावरील आधुनिक औषधे : दुष्परिणामांचे तारतम्य आणि तज्ज्ञांकडे पाठविण्याचा विवेक

उपोद्घात

देहधारण हे अस्थिधातूचे प्रधान कर्म होय. वाग्भटाचार्यांनी वर्णिलेल्या आश्रयाश्रयी भावात अस्थी आणि वायू यांचे नाते अन्य जोड्यांहून निराळे आहे. इतरत्र आश्रयाची वृद्धी झाली की आश्रयीचीही वृद्धी होते. येथे मात्र अस्थी क्षीण झाली की वायू वाढतो आणि वाढलेला वायू अस्थीला अधिकच पोखरतो. रजोनिवृत्तीनंतरच्या स्त्रियांत, तसेच दीर्घकाळ स्टेरॉइड घेणाऱ्या रुग्णांत ही संप्राप्ती आपण नित्य पाहतो.

आज अशी रुग्णा आपल्याकडे येते तेव्हा तिच्या पिशवीत बहुधा अस्थिघनतामापनाचा (डेक्सा) अहवाल आणि एखादे आधुनिक औषध असतेच. तिचा प्रश्नही ठरलेला असतो : "या औषधाने जबडा कुजतो म्हणे, मांडीचे हाड मोडते म्हणे. मग घेऊ की सोडू?" या प्रश्नाला वैद्याने कसे उत्तर द्यावे, हा प्रस्तुत पाठाचा विषय आहे. तो लिहिण्यास एक प्रसंग कारणीभूत झाला. त्यातील चूक माझी स्वतःची असल्याने तो प्रथम सांगतो.

रुग्णवृत्त

स्त्रीरुग्ण, वय ६७, निवृत्त शिक्षिका. प्रकृती वातप्रधान, शरीर कृश, अग्नी विषम. कमरेच्या मणक्यांचा टी-स्कोअर उणे ३.१. (जागतिक आरोग्य संघटनेच्या १९९४ च्या निकषानुसार उणे २.५ वा त्याहून कमी अंक म्हणजे अस्थिसौषिर्य.) शहरातील तज्ज्ञांनी डेनोसुमॅबचे ६० मिलिग्रॅमचे इंजेक्शन दर सहा महिन्यांनी सुरू केले होते. चार मात्रा झाल्या होत्या. पाचवी जुलै महिन्यात द्यावयाची होती.

त्याच सुमारास बाईंची दाढ दुखू लागली. शेजारणीकडून जबड्याविषयी ऐकून त्या घाबरल्या आणि माझ्याकडे आल्या. मी म्हणालो, "काही महिने इंजेक्शन थांबवू. तिक्तक्षीर बस्तीचा क्रम करू आणि मग पाहू." हाडांची औषधे वर्षानुवर्षे शरीरात राहतात, असे मी कोठेतरी वाचले होते. त्या आधारावर थोडा खंड पडल्यास काही बिघडणार नाही, असे मी गृहीत धरले.

बस्तीने मलावष्टंभ गेला, निद्रा सुधारली, बाई प्रसन्न दिसू लागल्या. डिसेंबरमध्ये पाण्याची कळशी उचलताना पाठीत तीव्र कळ आली. क्ष-किरण चित्रात तीन मणके दबलेले आढळले. तज्ज्ञांनी चित्र पाहून एकच प्रश्न विचारला, "शेवटचे इंजेक्शन कधी घेतले?" अकरा महिने झाले होते. त्यांनी मला दूषण दिले नाही, मात्र बाईंची कमी झालेली उंची परत आली नाही.

दोन औषधे, दोन स्वभाव

माझी चूक मुख्यतः द्रव्यस्वभावाच्या अज्ञानाची होती. द्रव्याचे गुण जाणल्याशिवाय ते देऊ नये, हे आपण मानतो. द्रव्याचे गुण जाणल्याशिवाय ते थांबवूही नये, ही त्याचीच दुसरी बाजू.

(१) बिस्फॉस्फोनेट वर्ग : अलेंड्रोनेट (आठवड्यास ७० मिलिग्रॅम), रायसेड्रोनेट (आठवड्यास ३५ मिलिग्रॅम), आयबँड्रोनेट (महिन्यास १५० मिलिग्रॅम) आणि शिरेतून वर्षातून एकदा देण्याचे झोलेड्रोनिक आम्ल (५ मिलिग्रॅम). ही द्रव्ये अस्थीत मुरतात आणि बंद केल्यावरही दीर्घकाळ तेथे राहतात. म्हणूनच धोका फार नसलेल्या रुग्णांत गोळ्यांची सुमारे ५ वर्षे अथवा शिरेतील औषधाची ३ वर्षे झाल्यावर तज्ज्ञ फेरविचार करून काही काळ विश्रांती देऊ शकतात. पूर्वी मणका वा खुबा मोडलेल्यांत मात्र औषध पुढे चालू ठेवण्याकडे कल असतो.

(२) डेनोसुमॅब : हे अस्थिशोषक पेशींची निर्मिती रोखते, पण अस्थीत मुरत नाही. सुमारे सहा महिन्यांत त्याचा प्रभाव ओसरतो आणि रोखलेल्या पेशी जोमाने कामाला लागतात. मिळविलेली घनता झपाट्याने घटते. काही रुग्णांत एकाच वेळी अनेक मणके मोडतात. ठरलेल्या तारखेनंतर एक महिन्याहून अधिक विलंब होऊ देऊ नये. बंद करावयाचेच असेल तर त्याच्या जागी दुसरे औषध, बहुधा बिस्फॉस्फोनेट, तज्ज्ञाने योजावे लागते.

(३) टेरिपॅराटाइड : अस्थिनिर्मितीस चालना देणारे, रोज २० मायक्रोग्रॅमचे इंजेक्शन, साधारणतः २ वर्षांपर्यंत. क्रम संपल्यावर क्षय रोखणारे औषध न दिल्यास लाभ हळूहळू नष्ट होतो.

सारांश, "थोडे दिवस थांबवा" हा सल्ला पहिल्या वर्गात क्वचित योग्य ठरेल. दुसऱ्यात तो घातक ठरू शकतो.

दुष्परिणामांचे तारतम्य

रुग्णास भीती वाटते ती दोन विरळ उपद्रवांची. पहिला, जबड्याचे हाड निर्जीव होणे. अस्थिसौषिर्याच्या मात्रेत याचे प्रमाण दर वर्षी दहा हजारांत एक ते लाखात एक इतके अल्प मानले जाते. कर्करोगात याच औषधांच्या मोठ्या व वारंवार मात्रा द्याव्या लागतात. तेथे हा धोका पुष्कळ अधिक असतो आणि लोकांत पसरलेल्या भीतीचे मूळही बरेचसे तेथेच आहे. दात काढणे, हिरड्यांचा जुना रोग, मधुमेह, स्टेरॉइड व धूम्रपान यांनी धोका वाढतो. औषध सुरू होण्यापूर्वी दंतचिकित्सा उरकून घेणे हा उत्तम उपाय होय. हिरडीतून हाड उघडे दिसत असेल, तर गंडूष-कवलावर विसंबून न राहता मुखशल्यतज्ज्ञाकडे पाठवावे.

दुसरा, मांडीच्या हाडाचा विशिष्ट भंग. फारसा आघात न होता मांडीच्या लांब हाडाचा मधला भाग आडवा मोडतो. याची पूर्वसूचना बहुधा मिळते : आठवडे किंवा महिने आधी मांडीत वा जांघेत बोथट वेदना. आपल्या बाह्यरुग्ण विभागात अशी वेदना गृध्रसी किंवा ऊरुस्तंभ समजून स्नेहन-स्वेदनात गुंतण्याची शक्यता मोठी आहे. म्हणून मांडी दुखणाऱ्या प्रत्येक वयस्क रुग्णास "हाडांची गोळी किंवा इंजेक्शन चालू आहे का?" हा प्रश्न विचारलाच पाहिजे. उत्तर होकारार्थी असल्यास दोन्ही मांड्यांचे पूर्ण लांबीचे क्ष-किरण चित्र काढावे आणि त्याच आठवड्यात अस्थिशल्यतज्ज्ञाकडे पाठवावे.

लाभ आणि हानी यांची तुलना आकड्यांत पाहावी. दक्षिण कॅलिफोर्नियातील सुमारे १ लाख ९६ हजार स्त्रियांच्या नोंदींवर आधारलेले अध्ययन २०२० मध्ये प्रसिद्ध झाले. त्यानुसार १० हजार स्त्रियांना ३ वर्षे बिस्फॉस्फोनेट दिल्यास श्वेतवर्णीय स्त्रियांत खुब्याचे १४९ भंग टळतात आणि मांडीचे विशिष्ट भंग २ होतात. आशियाई वंशाच्या स्त्रियांत हेच आकडे ९१ आणि ८ असे आहेत. आशियाई स्त्रियांत धोका अधिक आहे, हे लपवू नये. तरीही पारडे औषधाच्या बाजूने झुकते, हेही सांगावे. उपचाराचा काळ लांबेल तसा हा धोका वाढतो आणि औषध थांबविल्यावर लवकर घटतो. ५ वर्षांनंतरच्या फेरविचाराचे महत्त्व यातच आहे.

नित्य आढळणारे उपद्रव मात्र साधे असतात : गोळीने अन्ननलिकेचा दाह व अम्लपित्त, शिरेतील पहिल्या मात्रेनंतर दोन-तीन दिवस ज्वर व अंगमर्द. यांपैकी पहिला बहुतांशी गोळी चुकीच्या रीतीने घेतल्याने होतो, आणि तेथे आपण थेट साहाय्य करू शकतो.

आपल्या चिकित्सेशी मेळ

अलेंड्रोनेटची गोळी सकाळी उपाशीपोटी, पेलाभर साध्या पाण्यासोबत घ्यावी. नंतर किमान अर्धा तास आडवे होऊ नये आणि काहीही खाऊ-पिऊ नये. (आयबँड्रोनेटसाठी एक तास.) आपल्या रुग्णा ती चहाबरोबर, क्षीरपाकाबरोबर किंवा प्रवाळ, शंख, मौक्तिक, कुक्कुटाण्डत्वक् भस्मांबरोबर घेतात. चुन्याचे क्षार गोळीला बांधून ठेवतात आणि ती शोषली जात नाही. अशी भस्मे दुपारच्या किंवा रात्रीच्या भोजनानंतर द्यावीत. औषधालयांच्या चालकांनी भस्म देताना आठवड्याच्या गोळीविषयी विचारण्याचा प्रघात ठेवावा.

नाव-घटक नसलेली "सांधेदुखीची पूड" विक्रीस ठेवू नये. अशा पुडींत स्टेरॉइडची भेसळ वेळोवेळी उघडकीस आली आहे. स्टेरॉइड हे अस्थिक्षयाचे प्रमुख हेतू आहे.

अस्थिगत व्याधींत पंचकर्म, विशेषतः बस्ती, आणि तिक्तद्रव्यसिद्ध क्षीर-घृत ही चरकोक्त दिशा आपली आहेच. अग्नी, निद्रा, बल व शूल यांवर तिचा उपशय आपण अनुभवतो. परंतु भंग टळतात हे दाखविणारी, हजारो रुग्णांची तुलनात्मक अध्ययने आधुनिक औषधांबाबत जशी झाली तशी आपल्या योगांबाबत झालेली नाहीत. तोवर उच्च धोक्याच्या रुग्णांत आपली चिकित्सा जोडीने द्यावी, जागी नव्हे. पाठीवर जोराचे मर्दन, मणके 'बसविणे' आणि पुढे वाकण्याची आसने अशा रुग्णांत वर्ज्य समजावीत.

कोणाकडे पाठवावे?

— वय लहान, कारण अस्पष्ट, थायरॉइड-पॅराथायरॉइडचा संशय अथवा औषध चालू असता भंग : अंतःस्रावी विकारतज्ज्ञ. जिल्ह्यात ते नसल्यास मोठ्या शासकीय वा महापालिका रुग्णालयात चौकशी करावी. मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयात असा स्वतंत्र विभाग आहे.
— आमवात व दीर्घकाळ स्टेरॉइड : संधिवाततज्ज्ञ.
— वृक्कविकार : मूत्रपिंडतज्ज्ञ. गाळणक्षमता मिनिटास ३५ मिलिलिटरहून कमी असल्यास अलेंड्रोनेट व झोलेड्रोनिक आम्ल योग्य नाही. डायलिसिसवरील रुग्णांत डेनोसुमॅबने रक्तातील कॅल्शियम धोकादायक पातळीवर घसरू शकते.
— नवा भंग, मांडीची वेदना, अचानक पाठदुखी : अस्थिशल्यतज्ज्ञ, विनाविलंब.

पत्रात पुढील गोष्टी लिहाव्यात : औषधाचे नाव, प्रारंभाचे वर्ष, शेवटच्या मात्रेची तारीख, पूर्वीचे भंग, डेक्सा अहवाल, कॅल्शियम, ड जीवनसत्त्व व क्रिएटिनिन, दातांची स्थिती, आणि आपण देत असलेली सर्व औषधे, भस्मांसह. शेवटी आपली पृच्छा एका वाक्यात स्पष्ट मांडावी, उदाहरणार्थ "रुग्णा जबड्याच्या भीतीने पुढील मात्रा टाळू इच्छिते; मार्गदर्शन व्हावे." असे पत्र लिहिण्यास मला त्या जुलैत दहा मिनिटे लागली असती.

उपसंहार

बाई आजही माझ्याकडे येतात. तज्ज्ञांचे औषध आणि माझी बस्ती दोन्ही चालू आहेत, आणि पुढील मात्रेची तारीख त्यांच्या केसपेपरवर मी लाल शाईने लिहून ठेवतो. दुसऱ्याने सुरू केलेले औषध थांबविण्यापूर्वी त्या औषधाचा स्वभाव, रुग्णाचा धोका आणि थांबविल्यास त्याची जागा काय घेणार, हे तीन प्रश्न विचारावेत. तिन्हींची उत्तरे हाती नसतील, तर पत्र लिहावे आणि उत्तर येईपर्यंत औषध चालू ठेवावे.