डिझायर की बोलेरो

वसमत

चि. बाळास अनेक आशीर्वाद.

तू मोबाईलवर पाठवलेला तक्ता पाहिला. डावीकडं २०१४ ची डिझेल डिझायर, उजवीकडं २०१५ ची बोलेरो, आणि खाली तुझा सवाल: "मामा, बोलेरोचं इंजिन दुप्पट, मग तीच घ्यावी ना?" दणकट आहे, खोटं नाही. पण इंजिन दुप्पट म्हणून ताकद दुप्पट, असा हिशेब माझ्या गॅरेजवर मांडलास तर पोरं हसतील.

तुझेच आकडे पुन्हा बघ. डिझायर १२४८ सीसी, ७४ बीएचपी. बोलेरो २५२३ सीसी, ६३ बीएचपी. टॉर्क, म्हणजे आपली ओढ, एकीची १९० न्यूटन-मीटर, दुसरीची १९५. सारखीच की! खरा फरक तू लिहायचा सोडलास. डिझायरला ती ओढ २००० आरपीएमला मिळते, बोलेरोला १४०० पासूनच. त्यामुळं मृग पडल्यावर काळ्या रानात खताची पोती घेऊन शिरायचं असेल तर बोलेरो पहिल्या गिअरवर मुकाट चालते. ओढायचं काम मागच्या चाकांना आणि पोत्यांचा भारही त्यांच्यावरच. डिझायर तिथं टर्बो जागा होईस्तोवर कण्हते, आणि तू अर्ध्या क्लचवर रेटलीस की प्लेट जळाल्याचा वास आलाच म्हणून समज.

पण तू रानात कधी जातोस? दाजींनी जमीन बटईनं दिलीय, तुझी शाळा डांबरी रस्त्यावर, जाऊन-येऊन पन्नास किलोमीटर. महिन्याला साडेबाराशे धर. कंपनी २३.४ आणि १५.९६ अॅव्हरेज सांगायची. ते तुझ्या हाती कुणी देणार नाही. डिझायर वीस देईल, बोलेरो बारा. महिन्याला चाळीस लिटर डिझेलचा फरक पडतो बाबा. बोलेरो पाचशे किलोनं जड आहे, ते वजन रोज कोण ओढणार? माझं मत डिझायर.

आणखी एक. बोलेरो म्हणून जी दाखवतील ती कोणती ते विचार. २०१६ पासून तोंडवळा तोच ठेवून १४९३ सीसीची पॉवर प्लसही आली. आरसी बुक न बघता किमतीवर बोलू नकोस.

हे सगळं झालं गाड्या कारखान्यातून निघाल्या तेव्हाचं. मधल्या वर्षांत त्यांचं काय झालं ते तक्त्यात नसतं. मी पहिली जीप घेतली तेव्हा मीटरवर बासष्ट हजार होते, आणि क्लचच्या पेडलचं रबर झिजून आतलं लोखंड चमकत होतं. मेकॅनिक असून डोळ्यांसमोरचं दिसलं नाही, कारण रंग नवा होता. आठ महिन्यांत इंजिन खोलावं लागलं. विकणाऱ्यानं फोन उचलणं केव्हाच बंद केलं होतं.

म्हणून आधी पेडल बघ, स्टेअरिंगची झीज बघ. टायरच्या बगलेवर चार अंक असतात, पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. चाळीस हजार चाललेल्या गाडीला तिसरा टायर-जोड असेल तर हात जोडून उठ. इंजिन चालू असताना ऑइलचं झाकण उघड. भकाभका धूर वर आला तर रिंगा गेल्या. फ्रीजवरचा लोहचुंबक खिशात ठेव. पत्र्याला चिकटत नसेल तिथं पुट्टी भरलीय. चासी नंबर स्वतः वाकून वाच, कर्जाचा बोजा उतरलाय का बघ. एमएच-३८ ची गाडी असली तर बरं. परराज्यातली स्वस्त डिझेल गाडी दाखवली तर एनओसी आणि इथला कर धरूनच भाव कर.

हळदीचे पैसे हातात आलेत म्हणून शनिवारीच बयाना देऊन मोकळा होऊ नकोस. रविवारी सकाळी सातला मी येतो. मालकाला सांग, गाडी आधी चालू करून गरम करून ठेवायची नाही. बॉनेटला हात लावल्यावर ते गार लागलं, तरच पुढं बोलू.

अक्काला नमस्कार सांग.

तुझा मामा