हे नाव मोकळं आहे का?

अमृतधारा आणि लक्ष्मणधारा. ही दोन नावं एकदा मोठ्यानं म्हणून बघा. दोन्ही औषधांची. दुकानात घाईनं एक मागितलं तर दुसरं हातात पडेल का? अलाहाबाद उच्च न्यायालयाला तसं वाटलं नाही. अमृताची धार वेगळी, लक्ष्मणाची धार वेगळी, अर्थ सरळ आहेत असं त्याचं म्हणणं. सर्वोच्च न्यायालयानं १९६२ साली नेमकं उलट सांगितलं. औषध घ्यायला आलेला साधा माणूस नावाची फोड करून अर्थ लावत बसत नाही. त्याच्या मनात उरतो तो नावाचा एकूण नाद, आणि तोही अर्धामुर्धा. म्हणून ही नावं फसगत करण्याइतकी सारखी ठरली. मात्र लक्ष्मणधारा उत्तर प्रदेशात बरीच वर्षं उघडपणे विकलं जात होतं आणि अमृतधारावाल्यांनी ते चालू दिलं होतं, त्यामुळे तेवढ्या राज्यापुरती त्याची नोंदणी राहिली.

ट्रेडमार्कच्या क्षेत्रातलं पहिलं काम याच प्रश्नाशी झुंजण्याचं असतं. धंदा सुरू करणारा माणूस नाव घेऊन येतो आणि विचारतो, ‘हे मोकळं आहे का?’ त्याला उत्तर देण्याआधी करायची चाळणी म्हणजे प्राथमिक शोध. कायद्याकडे वळलेल्या मुलांचे पालक मला हल्ली काळजीनं विचारतात की हे काम आता एआय करणार, मग आमच्या मुलीनं यात यावं तरी कशाला? प्रश्न रास्त आहे. या कामाचा एक मोठा भाग खरोखरच यंत्राकडे जातो आहे. कोणता भाग जातो आणि कोणता राहतो, हे नीट पाहून घ्या.

समजा, सांगलीच्या एका बचत गटाला मसाले आणि लोणची विकायची आहेत आणि नावात ‘अमृत’ हा शब्द हवा आहे. सगळा माल आणि सेवा मिळून ४५ वर्ग आहेत, त्यांतले पहिले ३४ मालाचे आणि उरलेले ११ सेवांचे. मसाले वर्ग ३० मध्ये, लोणची २९ मध्ये. उद्या गटानं खानावळ काढली तर वर्ग ४३. बचत गटाचा मसाला तेवढा पाहून २९ विसरणं ही नवशिक्याची नेहमीची चूक. ऑनलाइन अर्जाची फी व्यक्तीला, स्टार्टअपला किंवा लघुउद्योगाला दर वर्गाला ४,५०० रुपये आणि बाकीच्यांना ९,००० रुपये. अर्ज नामंजूर झाला तर ती परत मिळत नाही. पण खरा फटका त्याहून मोठा असतो. पाकिटं छापून झालेली असतात, फलक लागलेला असतो, गिऱ्हाईक त्या नावानं मागू लागलेलं असतं.

आता शोध. ट्रेडमार्क रजिस्ट्रीच्या संकेतस्थळावर कोणालाही फुकट शोधता येतं. शब्दानुसार, उच्चारानुसार, आणि चित्र असेल तर व्हिएन्ना वर्गीकरणाच्या कोडनुसार. सूर्य-चंद्र-तारे त्यात पहिल्या गटात येतात, प्राणी तिसऱ्या. सप्टेंबर २०२४ मध्ये केंद्र सरकारनं एआयवर आधारलेली ट्रेडमार्क शोधप्रणालीही जाहीर केली. जागतिक बौद्धिक संपदा संघटनेच्या ब्रँड डेटाबेसमध्ये तर २०१९ पासून एआयनं चित्राशी चित्र जुळवता येतं. पूर्वी कोड लावून शेकडो चित्रं एकेक करून पाहावी लागत. ते डोळे शिणवणारं काम कमी झालं याचा मला मनापासून आनंद आहे.

शब्दांच्या बाबतीत एआयचा सर्वांत चांगला उपयोग वेगळाच आहे. त्याला ‘हे नाव मोकळं आहे का’ असं विचारू नका. ‘या नावाची आणखी किती रूपं होऊ शकतात’ असं विचारा. अमृतमधला ऋ आपण मराठीत रु म्हणतो आणि रोमन लिपीतही तसाच लिहितो. हिंदी भाषक रि लिहितो. तमिळमध्ये अमुदम होतं. त-च्या जागी दक्षिणेत टी-एच येतं. ळ आणि ल यांना रोमन लिपीत एकच अक्षर. शिवाय अर्थानं जवळ जाणारे सुधा, पीयूष हे शब्द वेगळेच. अशी पन्नास रूपं यंत्र मिनिटभरात काढून देतं, त्यांतली दहा निरुपयोगी असतात, आणि दोन-तीन तुम्हाला कधी सुचलीच नसती. ही यादी घेऊन रजिस्टरकडे जायचं. वर्ग सुचवणं, लांबलचक निकालांची पहिली वर्गवारी करणं, हेही त्याच्याकडून करून घ्यावं आणि मग तपासावं.

साध्या चॅटबॉटला थेट प्रश्न विचारला की काय होतं, ते न्यूयॉर्कच्या न्यायालयात २०२३ साली जगानं पाहिलं. वकिलांनी चॅटजीपीटीनं रचलेले, मुळात अस्तित्वातच नसलेले निवाडे सादर केले आणि त्यांना ५,००० डॉलरचा दंड झाला. नावाच्या शोधातही हा धोका तसाच आहे. रजिस्टर न उघडताच ‘नाव उपलब्ध दिसतं’ असं छान भाषेत उत्तर येऊ शकतं. दुसरी गोष्ट गोपनीयतेची. बाजारात न आलेलं अशिलाचं नाव कुठल्याही खुल्या साधनात टाकायचं नाही. पहिल्या नोकरीच्या पहिल्या दिवशी हे माहीत असलेला मुलगा वेगळा उठून दिसतो.

यादी हातात आली की माणसाचं काम सुरू होतं, आणि या टप्प्यावर मुलांनी सर्वाधिक वेळ घालवावा. यादीतला एक अर्ज ‘सोडून दिलेला’ दिसतो. म्हणजे वाट मोकळी? कागदावर बहुधा हो, पण तो माणूस अजून त्याच नावानं माल विकत असेल तर? आपल्या १९९९ च्या कायद्यात आधीपासून वापर करणाऱ्याला कलम ३४ चं संरक्षण आहे, आणि नोंदणी नसली तरी आपल्या नावाखाली दुसऱ्यानं माल खपवल्याचा दावा तो लावू शकतो. मिरजेच्या पेठेत तीस वर्षं चालणाऱ्या दुकानाची पाटी कुठल्याच रजिस्टरमध्ये नसते. तिथे फोन करावा लागतो, जाऊन पाहावं लागतं. एखादी परदेशी कंपनी आपल्या देशातल्या अर्जाची सहा महिन्यांपर्यंत मागची तारीख इथे मागू शकते, तेही आज केलेल्या शोधात दिसत नाही. आणि काही नावांना रजिस्टरमध्ये स्पर्धकच नसतो, तरीही ती मिळत नाहीत. छत्रपती शिवाजी महाराजांचं नाव किंवा चित्र १९५० च्या बोधचिन्हं व नावं यांच्या कायद्यानं संरक्षित आहे. ‘सारखं काही सापडलं नाही’ एवढ्यावर विसंबणारा तिथे अडकतो. हापूस, पैठणी यांसारख्या भौगोलिक निर्देशकांचं रजिस्टर तर वेगळंच, चेन्नईला.

सर्वांत अवघड भाग सुरुवातीला सांगितला तोच, सारखेपणाचा. ग्लुकोविटा आणि ग्लुविटा. एक ग्लुकोज पावडर, दुसरी बिस्किटं. माल वेगळा, तरीही सर्वोच्च न्यायालयानं ग्लुविटाच्या नोंदणीला नकार दिला, कारण बिस्किटात ग्लुकोज असतं आणि लोक दोन्ही एकाच घरचं समजतील. २००१ च्या कॅडिला खटल्याच्या निकालात, मलेरियावरच्या दोन औषधांच्या नावांवरून, न्यायालयानं सांगितलं की या देशात एक सामाईक भाषा नाही आणि इंग्रजी येणारे थोडे आहेत, हे लक्षात घेऊनच नावं तोलायला हवीत. माझं सगळं म्हणणं या वाक्यावर उभं आहे. मराठी, हिंदी आणि इंग्रजी कानाला सवयीचं असलेल्या, बाजारात भाव करताना लोक नावं कशी तोडून म्हणतात हे ऐकलेल्या मुलाकडे इथे भांडवल आहे. ज्या प्रश्नावर उच्च आणि सर्वोच्च न्यायालयाचं एकमत होत नाही, तिथे टक्केवारीतला यंत्राचा आकडा सल्ला ठरत नाही. सल्ल्याखाली कुणीतरी सही करायची असते.

पालकांना रस्ता विचारायचा असतो, तो असा. बारावीनंतर पाच वर्षांचा किंवा पदवीनंतर तीन वर्षांचा कायद्याचा अभ्यासक्रम, महाराष्ट्रात दोन्हींसाठी राज्याची सीईटी. राष्ट्रीय विधी विद्यापीठांसाठी क्लॅट, त्यांतली तीन आपल्याच राज्यात आहेत, मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरला. वकील आणि कंपनी सेक्रेटरी यांना ट्रेडमार्क एजंटची वेगळी परीक्षा द्यावी लागत नाही. इतर कोणत्याही शाखेच्या पदवीधराला, वयाची २१ वर्षं पूर्ण असतील तर, ती परीक्षा देऊन एजंट होता येतं. पेटंट एजंटसाठी विज्ञान किंवा अभियांत्रिकी लागतं, इथे मराठी साहित्याचा पदवीधरही चालतो, हे फार थोड्या घरांना माहीत आहे. मात्र ही परीक्षा दरवर्षी ठरल्या वेळी होतेच असं नाही, म्हणून फक्त तिच्यावर भिस्त ठेवू नका. नुसत्या याद्या काढून देण्याच्या नोकरीवरही ठेवू नका, ती आटते आहे. ट्रेडमार्क रजिस्ट्रीचं मुख्य कार्यालय मुंबईतच, अँटॉप हिलला आहे आणि या विषयाचे वकील मुंबई-पुण्यात पुष्कळ आहेत. उन्हाळ्याच्या सुट्टीत दोन महिने अशा वकिलाकडे बसलं तर हे काम आपल्या स्वभावाला मानवतं की नाही ते कळेल.

तोपर्यंत घरच्या घरी करून बघा. किराणा दुकानातून वर्ग ३० मधली पाच पाकिटं आणा. एआयकडून प्रत्येक नावाची रूपं काढा आणि रजिस्टरमध्ये शोधा. जवळची वाटणारी नावं आईला किंवा बाबांना दुसऱ्या खोलीतून एकदाच, फोनवर ऑर्डर देतात तशी म्हणायला सांगा, आणि ऐकू येईल तसं लिहा. मग तुमचा कागद आणि यंत्राची यादी शेजारी शेजारी ठेवा.